आधी दोरी, मग खुर्ची

अक्का, बंगल्याला कुलूप आहे. सोमवार नाही, सणवार नाही, तरी कुलूप. देगलूरच्या एका शाळेतल्या मॅडमचा सकाळी फोन आला. "मुलींना घेऊन उद्या येऊन राहिलो, उघडं असतंय ना?" मी म्हटलं, "विचारून सांगते." कुणाला विचारणार होते कोण जाणे. तू असतीस तर फोन माझ्या हातातून हिसकावून म्हणाली असतीस, "ह्यात विचारायचं काय? येताना पाण्याच्या बाटल्या आणा म्हणावं. पोरी दोरी ओढून बेजार होतात." पण किल्ली आता तुझ्या कमरेला नाही. ती तुझ्या लेकाच्या, शिवाच्या खिशात आहे. आणि मागे हमामखान्यात, जुन्या न्हाणीत, ती विजेची मोटार आहे, अजून खोक्यातच, चिकटपट्टी न काढलेली. त्याने पुण्याहून आणलेली, तू बसवू न दिलेली. त्या खोक्याची आठवण झाली की मी ताटावरून उठते. दोरी जाणार, अक्का. तू गेलीस आणि आता दोरी जाणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय.

लिहायला बसलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते. ज्याने उदगीर पाहिलं नाही त्याला बंगला कुठून कळणार? तेव्हा जरा थांब, मधे बोलू नकोस. कंपनी सरकारचा अंमल होता तेव्हा निजामाच्या फौजेवर गोरे अंमलदार असायचे. त्यातल्या कुण्या कप्तानासाठी गावाबाहेर हा बंगला बांधला. रुंद भिंती, उंच छत, गोल खांबांचा व्हरांडा, लाकडी पट्ट्यांच्या झिलमिलीच्या खिडक्या, मागे सुटा बावर्चीखाना. पुढे साहेब गेले, त्यांचं राज्य गेलं, निजामही गेला, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर तुझ्या सासऱ्यांनी हा बंगला घेऊन त्यात तूर भरली. आडत दुकानदाराला मोठी, कोरडी, थंड जागा दिसली की पोतीच सुचतात. तू लग्न होऊन आलीस तेव्हा दिवाणखान्यात हात वर केला तरी पोतीच लागत होती म्हणे. नव्या नवरीला आपली मालमत्ता दाखवायला म्हणून नेलं, आणि तू मान वर करून विचारलंस, "ते वर लाकूड कशाला टांगलंय?"

कुणालाच सांगता आलं नाही. सासरे म्हणाले, "असंल साहेबाचं काहीतरी." तू ते डोक्यात ठेवलंस ते कायमचं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तू ही गोष्ट सांगायचीस आणि दर वेळी सासऱ्यांचा आवाज काढून सांगायचीस. मी ती इतक्यांदा ऐकली की तू सुरू केलीस की मी झाडू घेऊन मागे निघून जायचे. आता ती कोण सांगणार? मला तो आवाज जमत नाही, मी करून बघितला काल, आरशासमोर.

तर ते लाकूड म्हणजे पंखा. छताला आडवी टांगलेली चौकट, तिला खाली कापडाची लांब झालर, चौकटीला दोरी, आणि ती दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात काढलेली. बाहेर माणूस बसून ओढणार, आत साहेबाला वारा. त्या भोकाच्या लाकडात दोरीने पाडलेली खाच आहे, त्यात माझं अख्खं बोट जातं. किती उन्हाळे कुणी ओढलं असेल तेव्हा लाकूड एवढं झिजलं असेल!

मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, नव्या जागी गेला तसं गोदामही गेलं, आणि बंगला पाडून तिथं मंगल कार्यालय करायचं ठरलं. नकाशाही झाला. तुझे अप्पा, म्हणजे तुझे यजमान, तुझ्याआधीच गेलेला भला माणूस, पण मोंढ्यातल्या लोकांपुढे त्यांचं काही चालायचं नाही. तू भांडली नाहीस. तू काय केलंस ते आठवलं की मला आजही हसू येतं. तू स्टोव्ह, परात, पोळपाट घेऊन सरळ साहेबाच्या बावर्चीखान्यात जाऊन बसलीस. निरोप धाडलास, "माझा स्वयंपाक हितंच होईल. ज्याला जेवायचंय त्यानं हितं यावं." अप्पा दोन-तीन दिवस मोंढ्यात भजी खाऊन राहिले, पोट बिघडवून घेतलं, आणि मग भर दुपारी छत्री घेऊन आले. तू ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढलीस. जेवून ते रिकाम्या दिवाणखान्यात फरशीवर पडले. बाहेर जीव घेणारं ऊन आणि आत हा गारवा. चार वाजता उठून म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग." एवढ्यावर बंगला वाचला. मोठमोठे लोक भाषणात तुझ्या संघर्षाबिंघर्षाबद्दल बोलायचे आणि तू पहिल्या रांगेत बसून माझ्या कानात म्हणायचीस, "चटणीनं वाचलाय, ह्यांना काय म्हाईत."

मी तुझ्या आयुष्यात आले ती त्या झालरीपायी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे, पण घर दर्जीचं. रविवारी अब्बांच्या दुकानात मशीनवर बसायची सवय. तू चौकट हातगाड्यावर घालून आणलीस, भर बाजारातून, आणि अब्बांना म्हणालीस, "ह्याला झालर शिवायची. जुनी कशी होती कुणाला ठावं न्हाई." अब्बांनी काम माझ्या अंगावर टाकलं. मला वाटलं साहेबाचा बंगला, साहेबी थाट, म्हणून मी जीव ओतून शिवली. मखमल, किनारीला गोटा, खाली सोनेरी लेस, कोपऱ्याला गोंडे. तू ती उलगडून बघितलीस, कमरेवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "हा पंखा हाय का वरातीची घोडी?"

मी तापले. मी म्हटलं, "तुम्ही सांगायचं होतं ना! मला काय स्वप्न पडतं?" तू म्हणालीस, "मखमलीनं वारा येतो व्हय गं? जरा डोकं चालव की." आणि माझ्या तोंडून गेलं, "तू चालव तुझं डोकं! शीव तूच!" अब्बांच्या हातातली कात्री थांबली. मोंढ्यातल्या आडत्याच्या बायकोला मी अगंतुगं केलं होतं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग एवढी हसलीस की खुर्चीवर बसावं लागलं. "आता कसं बहिणीवानी भांडलीस," म्हणालीस. तेव्हापासून तू मला तू झालीस आणि मी तुला नसीम, रागात असलीस की मास्तरीणबाई. दुसरी झालर आपण दोघींनी मिळून शिवली, साध्या मांजरपाटाची. ती मखमल तू टाकली नाहीस. बंगल्यात यायच्या दाराला पडदा करून लावलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "ही आमच्या नसीमची घोडी."

खुर्चीची गोष्ट तर त्याहून भारी. कप्तानाची खुर्ची देगलूरला आहे असं कुणीतरी सांगितलं. आपण एसटीने गेलो. बघतो तर काय, शिसवी, उंच पाठीची, हातांवर कोरीव काम असलेली ती खुर्ची एका सलूनमध्ये, आणि तिच्यात तोंडाला फेस लावलेला एक माणूस मान मागे टाकून बसलेला. सलूनवाला म्हणाला, आजोबांनी लिलावात घेतली होती, गिऱ्हाईक ह्याच खुर्चीसाठी येतं. तो ऐकेना. तू बाकड्यावर बसून राहिलीस, आलेल्या गिऱ्हाइकांना साहेबाच्या बंगल्याची गोष्ट सांगत. तेलुगूत, कानडीत, मराठीत, जसा माणूस येईल तशी. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकंच त्याच्या मागे लागली, "अरे दे की बाईला." तू त्याला नवी फिरती खुर्ची घेऊन दिलीस आणि ही एसटीच्या टपावर चढवून आणलीस. तो दर वर्षी कुटुंबाला घेऊन यायचा, आपली खुर्ची बघायला. त्यालाही तू आधी दोरी ओढायला लावायचीस.

हो, दोरी. नियम. तो काही तू ठरवून केला नाहीस. बंगला लोकांना बघायला उघडला तेव्हा सुरुवातीला कॉलेजची पोरं आली. एकजण खुर्चीत पायावर पाय टाकून बसला, मित्राला बाहेर दोरीला बसवलं आणि आतून ओरडायला लागला, "ए, जोरात ओढ! पगार कापू का?" सगळे हसत होते. तू कोपऱ्यात वाती वळत बसली होतीस. उठलीस, त्याच्या दंडाला धरलंस. "ऊठ. आता तू भायेर." तो बाहेर बसला, दोरी ओढत राहिला, तू त्याला सोडलंच नाहीस. घामाने त्याची बनियन अंगाला चिकटली. त्या दिवसापासून बंगल्याचा कायदा झाला, कलेक्टर येवो की कुणी येवो, आधी दोरी, मग खुर्ची. आणि त्यात तू आणखी एक घातलंस. ओढणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, समोर नुसती भिंत. म्हणून त्याने मधूनमधून विचारायचं, "वारा लागतोय का?" आणि खुर्चीतल्याने उत्तर द्यायचं, "लागतोय." उत्तर न देता ढिम्म बसून राहिलं तर खुर्ची गेली. किती माणसं त्या भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांना विचारून गेली असतील अक्का! नवरा-बायको यायची, त्यांच्यात मला फार मजा वाटायची. घरी वर्ष-वर्ष विचारत नसतील आणि इथं ओरडून विचारायची.

तो मोठा माणूस आला होता तो दिवस आठवतो? लाल दिव्याच्या गाड्या, पुढे-मागे धावणारी माणसं. त्याचा एक साहाय्यक तुला म्हणाला, "बाई, साहेबांना वेळ न्हाई, डायरेक्ट खुर्चीचा फोटो घेऊन टाकू." तू म्हणालीस, "वेळ न्हाई तर खुर्ची बी न्हाई." मी तुझा पदर ओढायला लागले आणि तू माझा हात झटकलास. तो माणूस मात्र दिलदार निघाला. जाकीट काढलं, व्हरांड्यात मांडी घातली, म्हणाला, "आत कोण बसणार मग?" तू इकडे-तिकडे बघितलंस आणि त्याच्या ड्रायव्हरला पुढे केलंस. तो बिचारा खुर्चीच्या काठावर असा बसला होता जसं काही ती तापलेली आहे. बाहेरून आवाज आला, "वारा लागतोय का रे?" हा उठून उभाच राहिला! "लागतोय सर!" तू त्याला खांदा दाबून परत बसवलंस. "बसून सांग बाबा, बसून." जाताना तो मोठा माणूस तळहात चोळत होता आणि खूश होता. तू मला म्हणालीस, "बगितलंस? माणूस वाईट नसतोय. त्याला भायेर कुणी बसवलेलं नसतंय."

असलं कुठल्या पुस्तकात असतं गं? मी इतकी वर्षं मुलांना समता, बंधुता फळ्यावर लिहून दिली, व्याख्या पाठ करून घेतल्या. तू सातवी शिकलेली, पण मी तुझ्याकडे बघून थक्क व्हायचे ते शिक्षणामुळे नाही. तुला जे वाटायचं ते तू लगेच करायचीस, म्हणून. मला आधी वाटायचं, मग पटायचं, मग भीती वाटायची, मग मी घरी जाऊन झोपायचे.

एक भांडण आपलं राहूनच गेलं. मी म्हणायचे, अक्का, त्या साहेबाच्या दाराच्या पितळी कड्या कशाला घासतेस एवढ्या? आपल्या लोकांना कुत्र्यासारखं बाहेर बसवलं त्याने. त्याचं घर पडलं असतं तर काय बिघडलं असतं? तू म्हणायचीस, "घर त्याचं कामून म्हणायचं? तो चार उन्हाळे ऱ्हायला आन् गेला. चुना आपल्या माणसांनी मळला, गूळ-हिरडा घालून. दगड आपल्या वडारांनी फोडला. कड्या कुणा बिदरच्या कारागिरानं वतल्या असतील. मी त्यांचं घासते." मी म्हणायचे, मग दारावर पाटी साहेबाच्या बंगल्याची का? त्यावर तू म्हणायचीस, "साकु!" तुझ्या माहेरच्या कानडीत पुरे. साकु आलं की भांडण बंद, चहा सुरू. मला मात्र पटलेलं नसायचं. अजून पटलेलं नाही. त्या पाटीचं तू काहीतरी सांगायला पाहिजे होतंस. आता मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडून राहिले, आणि गंमत म्हणजे तूच जिंकून राहिलीस.

आणि दुसरं. तू त्या खुर्चीत कधी बसली नाहीस. हजारो माणसं बसवलीस आणि स्वतः एकदाही नाही. एकटादुकटा पाहुणा आला तर दोरीला तूच. या वयात, गुडघे दुखत असताना, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. मी किती मागे लागले. "बस ना एकदा, मी ओढते." तू उडवून लावायचीस. "मी बसले की गाव म्हणंल सुगलाबाईची साहेबीण झाली." कधी म्हणायचीस, "तुझ्या हातात दम न्हाई, मास्तरीणबाई, खडू धरणारे हात ते." ईदला माझ्याकडे शीरखुर्मा खायला तू स्वतःचं वेगळं पातेलं घेऊन यायचीस, आमच्या भांड्यातलं चालत नाही म्हणून, आणि मग त्याच पातेल्यातून माझ्या नातवंडांना भरवायचीस. त्या एका ईदला, पोट भरलेलं, मन मोकळं, तेव्हा मी परत विचारलं. त्या वेळी तू खरं सांगितलंस. म्हणालीस, "लग्न होऊन आले तवा सासरे जेवायला बसले की मी मागं उभी ऱ्हाऊन विंझणा घालायचे. मग अप्पांना. मग शिवा लहान असताना त्याला, लाइट जायची ना सारखी. मला भायेरचं ठावं हाय, नसीम. आतलं मला येतच न्हाई. बसले तर काय करू, हात कुठं ठेवू?" मी तुला आणखी एक वाटी वाढली.

आता मोटारीचं. शिवा वाईट मुलगा नाही, हे मी तुझ्या तोंडावरही सांगितलंय. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दर उन्हाळ्यात येतो, आईचे गुडघे बघतो आणि त्याचा जीव तुटतो. गेल्या वर्षी मोटार घेऊन आला. पंख्याला जोडायची, बटन दाबलं की झालर आपोआप हलणार. व्हरांड्यात दोरीच्या जागी एक पुतळा बसवायचा, धोतर-पागोट्यातला. म्हणाला, "आई, बाहेरगावची माणसं येतात, दोरी ओढायला लाजतात. त्यांना वाटतं आपण माणसांना राबवून घेऊन राहिलो." तू म्हणालीस, "वाटू दे की. वाटावं म्हूनच तर हाय ते." तो म्हणाला, "पण पंखा फिरल्याशी मतलब ना?" तू म्हणालीस, "बटन दाबलं की सगळेच साहेब व्हतेत रे. मग ओढणारा कोण ऱ्हातो? तुझा पुतळा? त्याच्यासंगं लोकं फोटो काढतील आन् जातील." तो चिडला. त्याच्या चिडण्यात तूच दिसतेस, तेच कमरेवर हात. शेवटी तू थकून म्हणालीस, "मी हाय तवर दोरी. माझ्या मागं काय करायचं ते कर." आणि तो म्हणाला, "बरं." ते "बरं" तेव्हापासून माझ्या कानात बसलंय. असं बोलायला नको होतं तू, अक्का. तुझ्या मागं म्हणजे काय, तो दिवस इतका जवळ असेल हे तुला कुणी सांगितलं होतं?

आपलं शेवटचं बोलणंही भांडणच. झालर मळली म्हणून मी धुवायला घरी आणली होती, उन्हाळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत. तू फोन केलास. "मास्तरीणबाई, पंखा उघडा पडलाय. झालर आन, न्हाईतर मी येऊन नेते." मी म्हटलं, "वाळू तर दे. खामखा जीव खातेस." तू फोन आपटलास. रात्री मी झालरीला इस्त्री केली, मनात म्हटलं, सकाळी नेऊन तिच्या डोक्यावर टाकते. पहाटे शेजारचा माणूस सांगत आला, अक्का गेल्या, झोपेतच.

शिवा पुण्याहून येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. लिंगैक्य झालेल्याला बसवतात, बसवूनच दर्शनाला ठेवतात, बसवूनच विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. विधीला आलेले स्वामी म्हणाले, लवकर बसवायला पाहिजे, आणि गल्लीतलं घर तर एवढंसं, बोळात माणूस मावेना. शिवा म्हणाला, "बंगल्यात न्या." तिथं स्वामींनी विचारलं, "पाठ टेकायला भक्कम काय हाय?" सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. शिवाने स्वतः खुर्ची उचलून पंख्याखाली मधोमध आणली. बायकांनी तुला बसवलं, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ, डाव्या तळहातावर इष्टलिंग. उजवा हात खुर्चीच्या हातावर. हात कुठं ठेवू म्हणत होतीस ना? तिथं बरोबर बसला. मी तुला तशी बघितली आणि भिंत धरून रडले. इतकी वर्षं मागे लागले होते, आणि बसलीस ती अशी.

गर्दी वाढत गेली, आत गुदमरायला लागलं. तू छताला विजेची वायर लावू दिली नव्हतीस. कुणीतरी टेबलफॅन आणू म्हणालं. मग माझ्या काखेत काय आहे त्याचं मला भान आलं. झालर. घरून निघताना कशी घेतली मला आठवत नाही. मी स्टुलावर चढले आणि चौकटीला एकेक आकडा अडकवत गेले, खालून दोघींनी माझे पाय धरले होते. खाली उतरले तर शिवा खोलीत नव्हता. मला वाटलं, गेला हमामखान्याकडे, मोटार आणायला. तेवढ्यात दोरीची कप्पी किरकिरली. पंखा हलला. तो बाहेर व्हरांड्यात मांडी घालून बसला होता, अंगात पुण्याहून घालून आलेला तोच शर्ट, आणि दोरी ओढत होता.

भजन म्हणणारे मधेच थांबले. आणि त्या भोकातून त्याचा आवाज आला, लहान असताना यायचा तसा.

"आई, वारा लागतोय का?"

दिवाणखान्यात एवढी माणसं होती, अक्का, आणि सगळी तुझ्याकडेच बघायला लागली. दोरी चालू होती. त्याने परत विचारलं, "लागतोय का गं?" उत्तर न देणाऱ्याची खुर्ची जाते, हा तुझाच कायदा. मी तुझ्या पायाशी बसले होते. मी ओरडून म्हटलं, "लागतोय रे शिवा, लागतोय!"

मग मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. एकेकजण बाहेर जाऊन दोरीला बसला. भाजीवाली बसली, आमचे निवृत्त हेडमास्तर बसले, देगलूरचा सलूनवाला धावत-पळत आला तो चपला काढून थेट दोरीला. प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येक वेळी आतून कुणीतरी उत्तर दिलं. विमान आलं तोपर्यंत पंखा थांबला नाही. पण शिवा त्यानंतर माझ्याशी काही बोलला नाही. बंगल्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पुढचे दिवस नातेवाइकांत गेले. त्याच्या मनात काय आहे मला कळेना, आणि विचारायची माझी हिंमत होईना. एवढं लिहून झालं आणि दारावर थाप पडली.

शिवाच होता. आत्ता गेला तो. तळहाताला फोड, एक फुटलेला. मी हळद लावायला घेतली तर हात मागे घेतला. म्हणाला, "मावशी, एक विचारतो, माझं मन राखायला खोटं सांगू नको. मी बाहेर होतो. मला भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. तू लागतोय म्हणालीस, तो खरंच लागत होता?"

अक्का, मी जे बघितलं तेच त्याला सांगितलं. पहिले काही झोके नुसतेच गेले. मग झालर भरली, आणि तुझ्या कानामागची ती बट, जी जन्मभर तुझ्या अंबाड्यात कधी बसली नाही, ती उडाली. कपाळावरच्या विभूतीवर आली, मागे गेली, परत आली. तो दोरी ओढत होता तोवर ती हलत होती.

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मी तिला कधी वारा घातलाच नव्हता मावशी. एकदा बी न्हाई." पुष्कळ रडला. मी रडू दिलं. मग डोळे पुसून त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवली. "मोटार गाडीत टाकलीय, परत करतो. तू उघडत जा. आणि दोरी विरत आलीय, नवी वळून घ्यावी लागंल."

तो गेल्यावर मी देगलूरच्या मॅडमला फोन लावला. या म्हटलं, उघडं आहे. येताना पाण्याच्या बाटल्या आणा.